गाडीला भाता

शहापूर मागे पडलं, हमरस्ता सरळ झाला, आणि गुलाबरावांच्या पाठीवर कुणीतरी तळहात ठेवून त्यांना पुढे ढकललं. त्यांनी आधी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर कुणीच नव्हतं. दामिनीच्या पान्यांची पिशवी तेवढी होती, तीही घसरून सीटच्या पाठीला टेकली होती. मग त्यांना शिट्टी ऐकू आली. बॉनेटखालून येणारी, बारीक, आधी आहे की नाही असं वाटणारी आणि मग चढत जाणारी. कॉलेजच्या ग्रंथालयात चैत्रातल्या दुपारी बंद खिडकीच्या फटीतून वारा घुसायचा, तेव्हा असाच आवाज यायचा. पुस्तकाची पानं आपोआप उलटायची आणि ते उगाच उठून उभे राहायचे, जणू कुणी मोठा माणूस आत आला आहे. आताही ते सीटवर थोडे उठल्यासारखे झाले. समोर धानाचा ट्रक होता. एरवी त्याच्या मागे मागे ते मौद्यापर्यंत मुकाट्यानं गेले असते. तो ट्रक जवळ आला, शेजारी आला, आणि त्याची ताडपत्री फडफडत आरशात मावेनाशी झाली, मग मावली, मग लहान झाली.

"धरला, काकाजी, धरला!" शेजारी बसलेली दामिनी डॅशबोर्डवर थापा मारत ओरडत होती. "दम धरला तिनं! दाबा ना आनखी, काहून सोडून राहिले?"

"दाबू?"

"मंग कायले लावला आपन? दाबा!"

त्यांनी दाबलं. छातीत काहीतरी धडधडत होतं आणि ते इंजिन आहे की आपण, हे त्यांना नीट कळेना. साठी उलटून बरीच वर्षं झालेल्या माणसानं असं हसू नये, तोंड उघडं टाकून, हे त्यांना कळत होतं. पण तोंड मिटत नव्हतं. आजवर या इंजिनानं स्वतःच्या दमावर जेवढी हवा ओढता येईल तेवढीच ओढली होती, आणि जळलेला धूर मागच्या नळीतून मुकाट टाकून दिला होता. आता त्या टाकाऊ धुराच्याच वाटेवर एक भिंगरी बसवली होती. धूर तिला फिरवत होता, आणि तिच्याच दांड्यावरची दुसरी भिंगरी बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबत होती. गेलेला श्वास येणाऱ्या श्वासाला आत ढकलत होता. हे वाक्य त्यांच्या मनात आपोआप तयार झालं आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली. रविवारी विहारात डोळे मिटून बसल्यावर सांगतात, येणारा श्वास पाहा, जाणारा श्वास पाहा, त्यात ढवळाढवळ करू नका. आणि आपण काय केलं? ढवळाढवळच की. पण काय सुरेख ढवळाढवळ!

परत येताना चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्लीकडे हात नेला. इंजिन थांबतं न थांबतं तोच दामिनी किंचाळली. तिनं त्यांचा हात बाजूला सारला, किल्ली फिरवून इंजिन पुन्हा सुरू केलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काकाजी! तुमीच त मले सांगतलं होतं ना, पळून आल्यावर एकदम बंद नाई करायचं म्हनून? तेल बंद होते, अन् थे चाक कोरडंच फिरत राह्यते, लालबुंद! तुमीच पुस्तक वाचून दाखवलं, अन् तुमीच!"

खरंच त्यांनीच सांगितलं होतं. टर्बोचा, म्हणजे त्या भिंगऱ्यांचा, दांडा तेलावर तरंगत फिरतो. तेल येतं ते इंजिन चालू असेपर्यंतच. म्हणून थांबल्यावर गाडी थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, चाक मंदावू द्यायचं, तापलेलं लोखंड निवू द्यायचं. हे सगळं डोक्यात होतं. हाताला ते माहीत नव्हतं. हाताला माहीत होतं ते वेगळंच: रेल्वेचं फाटक दिसलं की इंजिन बंद, भाजीवाल्यापाशी बंद, कारध्याच्या पुलाच्या उतारावरसुद्धा बंद. डिझेल जळतं. घरात तर बोलायलाच नको. ते खोलीतून बाहेर पडायच्या आत त्यांच्या पत्नी विमलाबाई दिवा मालवत, आणि गाडी दारात थांबली की त्यांच्या आधी किल्ली फिरवत. किल्ली मधोमध होती, दोघांच्याही हाताला येईल अशी. म्हणजे तेव्हा, जेव्हा विमलाबाई गाडीत बसायच्या.

चहा गार झाला. दामिनी टपरीवाल्याला सांगत होती की ही मोटार आता मोटार राहिलेली नाही, विमान आहे. टर्बो तिनंच बसवला होता, तिच्या वडिलांनी सुरू केलेल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात; आता वडील घरी बसून टीव्ही पाहत आणि ती मोठ्या आवाजात सगळं चालवत असे. गुलाबराव तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा दारातून दोनदा परत फिरले होते. काय सांगायचं? की मी ग्रंथपाल होतो, आणि एका जुन्या, कुणीही कधी न नेलेल्या इंजिनाच्या पुस्तकावरची धूळ झटकताना मी उभ्या उभ्या एक प्रकरण वाचलं होतं, ते मला तीस वर्षं सुटलेलं नाही? तिसऱ्यांदा तिनंच हाक मारली, "ओ सर, या ना आत, इंजिन काय चावते का?" आणि ऐकून झाल्यावर तिनं हातातला पाना खाली ठेवला. त्यांना वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, "नागपूरले भंगारात पिकअपचा टर्बो भेटते. पन बसवायचा कसा, थे तुमी चित्र काढून द्या. मी बी करून पाह्यतो एकदा."

चित्र त्यांनी फार सुंदर काढलं. तिथेच चुकले. भिंगरीला तेल पाजून झाल्यावर ते खाली इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये परत जायला जी नळी लागते, तिला त्यांनी कागदावर एक डौलदार वळण दिलं होतं, कारण सरळ रेघ त्या ठिकाणी रुक्ष दिसत होती. दामिनीनं ते वळण जसंच्या तसं लोखंडात उतरवलं. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं आणि मागच्या नळीतून निळा धूर निघाला. इतका, की शेजारचा पानठेलेवाला पाण्याची बादली घेऊन धावत आला. धुरात गुलाबराव उभे होते. आयुष्यभर ज्याची भीती वाटली ते हेच, असं त्यांना वाटलं होतं: आपण पुस्तकातून मान वर काढून काहीतरी करायला जाऊ आणि त्याचा धूर होईल, लोकांना दिसेल असा. धुरातून खोकत खोकत दामिनी आली, चित्र त्यांच्यापुढे धरलं, त्या डौलदार वळणावर काळं बोट ठेवलं. "काकाजी, तेल काय आपल्या मनानं वर चढते का?" आणि ती हसत सुटली, आणि आश्चर्य म्हणजे ते पण हसले. नळी उताराची केली. धूर गेला. हवा वाढली तसं डिझेल थोडं वाढवायला पंपाचा स्क्रू तिनं किंचित फिरवला. आणि आज सकाळी पाठीवर तो तळहात पडला.

पण ट्रक मागे टाकायला त्यांनी हे केलं नव्हतं. हे फक्त त्यांनाच माहीत होतं. घरी आल्यावर, गाडी दारात उभी करून, या वेळी न विसरता इंजिन चालू ठेवून ते बसून राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आंबागडाची घाटी होती.

गाडी त्यांनी निवृत्तीनंतर एका सरकारी कार्यालयाच्या लिलावात घेतली. पांढरी, गोल पाठीची, साहेब लोकांची असायची तसली. तशी गाडी कॉलेजच्या फाटकातून आत आली की ग्रंथालयातले सगळे उठून उभे राहत, आणि सर्वांत आधी गुलाबराव. ती स्वतःच्या दारात उभी राहिल्यावर पहिले काही दिवस त्यांना खिडकीतून ती दिसली की उठावंसं वाटे. विमलाबाई मात्र पहिल्याच दिवशी पुढच्या सीटवर अशा बसल्या, जणू त्यांची तिथे जागा राखून ठेवलेली होती. मग दोन हिवाळ्यांपूर्वी लेक रीना, जावई आणि नातवंडं आली. सगळ्यांना घेऊन डबे बांधून आंबागडाला निघाले. घाटीत, मोहाच्या झाडाच्या वळणावर, गाडीनं मान टाकली. इंजिन घुं घुं करत होतं, चाकं हलत नव्हती. मागून बांबू भरलेला ट्रॅक्टर येत होता. "गुरुजी, तुमी बी उतरा, मंग चढल!" ट्रॅक्टरवरचा कुणीतरी ओरडला, आणि सगळे हसले, जावईसुद्धा, चांगल्या मनानं. सगळे उतरले. विमलाबाईंचा गुडघा दुखरा होता, तरी त्या उतरल्या. रिकामी गाडी सुरळीत चढली. आणि गुलाबरावांना आरशात दिसलं: पदर खोचून, एक हात गुडघ्यावर ठेवून, विमल चढते आहे. गाडी पुढे जात होती, थांबवली तर पुन्हा निघणार नाही म्हणून थांबवता येत नव्हती, आणि आरशात ती लहान होत गेली. वळण आलं तेव्हा ती उरलीच नाही.

 वर पोचल्यावर तिनं डबे उघडले. पण त्यानंतर गाडीत बसली नाही. दवाखान्याला जायचं असो, सिहोऱ्याला माहेरी जायचं असो, "मले एसटीच बरी," एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना काही करता आलं असतं. त्यांना रात्री जाग येई आणि आरसा दिसे. लोकांच्या आयुष्यात केवढी केवढी दुःखं असतात, आणि आपण एका चढणीचं घेऊन बसलो आहोत, असं ते स्वतःला सांगत. पण बाई चालत राहते आणि आपण पुढे जात राहतो, ही गोष्ट फक्त घाटीतली आहे का, असा प्रश्न त्याच्या मागून यायचाच. पुस्तकांच्या मागे मान खाली घालून त्यांनी पस्तीस वर्षं काढली. घर तिनं चढवलं. आता एकदा तिला बसवून वर न्यायचं होतं. बस. आणि या वेळीही गाडी थांबली तर ती पुन्हा कधी बसणार नाही, आणि आपल्यालाही तिला 'चल' म्हणायचं तोंड राहणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

जेवताना त्यांनी तिला सगळं सांगितलं. धूर, भिंगरी, दाबलेली हवा. हात हलवून हलवून सांगताना वरण सांडलं. विमलाबाई भात कालवत ऐकत होत्या.

"म्हंजे गाडीले भाता लावला म्हना ना," त्या म्हणाल्या.

गुलाबराव घास हातात धरून थांबले. एवढं प्रकरण वाचून, एवढी चित्रं काढून हा शब्द त्यांना सुचला नव्हता. "हो. भाताच. तुला कसं सुचलं?"

"त्यात काय सुचाचं आहे?" त्या उठल्या आणि जाता जाता पंखा बंद करून गेल्या.

"उद्या आंबागडाला जाऊ," ते रिकाम्या खोलीला म्हणाले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला.  त्यांच्या छातीत पुन्हा ते धडधडायला लागलं. या वेळी इंजिन जवळपास नव्हतं.

"डबा कितीचा बांधू?" आतून आवाज आला.

सकाळी त्या बाहेर आल्या तर गुलाबराव मागच्या सीटवर तांदळाची पोती चढवत होते. घामाघूम झाले होते आणि चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

"हे काय होऊन राहिलं?"

"त्या वेळी सगळे होते ना गाडीत. आपण दोघंच गेलो तर ती तशीही चढेल. मग खरं काय, खोटं काय, कळायचं कसं?"

विमलाबाईंनी कमरेवर हात ठेवून पोत्यांकडे पाहिलं. माणूस वेडा आहे हे त्यांना लग्नाच्या वर्षीच कळलं असावं. पण इतक्या वर्षांत वेडाला असा वजनाचा आकार कधी आला नव्हता. "अन् ह्याच्यात जावई कोनता?"

"तो खिडकीपाशी."

"त्याले नीट ठेवा मंग. मागच्या बारीले लय हासला होता." आणि त्या पुढच्या सीटवर बसल्या. दार जोरात ओढलं. गुलाबरावांनी ते दार बंद झाल्याचा आवाज आपल्या अंगात कुठेतरी ऐकला.

वरठी गेली, मोहाडी गेली. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांमध्ये बगळे उभे होते. तुमसरच्या बाजारात गाडी गर्दीत अडकली आणि विमलाबाईंचा हात सवयीनं किल्लीकडे अर्धा आला, पण गर्दी सुटली आणि तो परत मांडीवर गेला. गुलाबरावांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या कानांना इंजिनाशिवाय काही ऐकू येत नव्हतं: कुठे टकटक नाही ना, तेलाचा वास नाही ना. ही शिट्टी काल अशीच होती की आज थोडी जाड आहे? स्क्रू जास्त फिरवला गेला असेल तर? नळीचा क्लिप? आपण कोण, आपल्याला काय कळतं? डोंगर दिसायला लागले. साग, मोकळं आकाश, आणि रस्ता वर जायला लागला.

त्यांनी गिअर खाली घेतला. मोहाचं झाड दिसलं. ते झाड तसंच उभं होतं, त्यांची वाट पाहिल्यासारखं. पाय दाबला आणि क्षणभर काहीच झालं नाही. गाडी जड झाली, इंजिनाचा आवाज खोल गेला, मागे पोती करकरली. तोच तो क्षण. तीच ती घुं घुं. त्यांनी पाय उचलला नाही. आयुष्यात इतर सगळ्या वेळी त्यांनी याच ठिकाणी पाय उचलला होता. आणि मग ती शिट्टी आली, खालून, लांबून, जणू घाटीच्या पायथ्याहून निघालेली, चढत, चढत, आणि पाठीवर तो तळहात. झाड आलं. झाड खिडकीतून गेलं. रस्ता बॉनेटखाली गोळा होत होता. विमलाबाईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती आणि त्या ओरडत होत्या, "चढून राहिली! अहो, चढून राहिली ना हे!" वळणावर समोरून येणारा सायकलवाला पायडल मारायचं विसरून पाहत राहिला. गुलाबरावांनी आरशात पाहिलं. आरशात चार पोती होती, आणि खिडकीपाशी बसलेला जावई एका अंगावर कलंडला होता.

वर सपाटी आली. त्यांनी सावलीत गाडी उभी केली, ब्रेक ओढला.  किती काय बोलायचं होतं. ते वळले, आणि त्यांना दिसलं की विमलाबाईंचा हात किल्लीवर पोचला आहे, डिझेल जळतंय म्हणून, नेहमीसारखा.

"हात लावू नको!"

ते इतक्या जोरात ओरडले की झाडावरचं पाखरू उडालं. त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. हात हवेत तसाच राहिला. विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या समोरच्या काचेतून कुठेतरी लांब पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला होता, पाटी पुसल्यासारखा.

"तसं नाही, विमल. आत ते चाक अजून फिरतंय. तेल बंद झालं तर जळेल. थोडं निवू द्यायचं असतं, म्हणून..." बोलता बोलता त्यांनी तो हवेतला हात आपल्या हातात घेतला. तो गार होता.

"लोहार असाच म्हने," त्या म्हणाल्या. "हात नोको लावू."

"कोण लोहार?"

"सिहोऱ्याचा. ताराचंद लोहार. लगन व्हाच्या आंधी दोन वर्सं मी त्याच्या भात्यावर होती, नांगरनीच्या दिवसात. तुमाले कदी सांगतलं नाई का?"

नाही. चाळीस वर्षांत नाही.

"त्याची सून गेली होती बाळंतपनाले, वढाले कोनी नोहतं. मंग आमच्या मोहल्ल्यातून मले बलावलं. पन आत येऊ देयेना. भात्याच्या दांडीले लांब दोर बांधला, छपरीच्या बाहेर येईल असा. म्हने, तिकडूनच वढ, भात्याले हात नोको लावू." इंजिन खाली शांतपणे धडधडत होतं आणि त्या त्याच तालात बोलत होत्या. "उनात उभी राहून मी दोर वढो. अन् सांगू का, मले लय मजा ये. आत थो बसला राहे, हतोडा घेऊन, पन इस्तव माह्या दमानं लाल होये. मी जरा हळू वढलं का काळा. जोरात वढलं का असा फुलून ये! थो ओरडे, जोरात, पोरी, जोरात! आत्ता घाटीत तुमची थे शिट्टी वाजली ना, मले तसंच वाटलं. दोर माह्याच हातात आहे म्हनून."

त्या हसल्या. गुलाबराव हसू शकले नाहीत आणि रडूही शकले नाहीत. त्यांना त्या दोराची लांबी दिसत होती. ऊन दिसत होतं, आणि उन्हात उभी असलेली, त्यांना तेव्हा माहीतही नसलेली एक मुलगी, लांबून आग फुलवणारी. पुस्तकांत त्यांनी काय काय वाचलं होतं. हे शेजारच्या उशीवर होतं.  त्यांनी तिचा हात उचलला आणि डॅशबोर्डवर ठेवला, किल्लीच्या शेजारी, जिथे इंजिनाचा थरकाप पत्र्यातून हाताला लागतो. वर आपला हात ठेवला. पत्रा गरम होता. हळूहळू तिचा हातही गरम झाला.

खाली घाटीत ऊन पसरलं होतं. बॉनेटखालची शिट्टी केव्हाच विरली होती. चाक मंदावलं असणार, लोखंड निवलं असणार. पुस्तकात सांगितलेला वेळ होऊन गेला होता, हे त्यांना घड्याळ न पाहताही कळत होतं. घरात एक दिवा जास्तीचा जळू न देणारी विमल डिझेलबद्दल एक अक्षर बोलली नव्हती.

"झालं का जी थंड?" तिनं विचारलं.

गुलाबराव आयुष्यात फारसे कधी खोटं बोलले नव्हते, धीरच नव्हता.

"अजून नाही," ते म्हणाले. "अजून थोडं राहू दे."